गरजू मुलांच्या संस्थेत काम करताना: स्वयंसेवक आणि कार्यकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या संस्थेत नव्याने येणाऱ्या माणसाला विचारायचं असतं, ‘मी इथे काय करू शकतो?’ तिथे वर्षानुवर्षं पगारावर काम करणाऱ्याच्या मनात वेगळा प्रश्न असतो आणि बहुतेकदा तो मनातच राहतो: ‘माझ्याशी नीट वागलं जातंय का?’ स्वयंसेवकांचं नियोजन करताना माझी खात्री पटली, की या दोन प्रश्नांना एकमेकांपासून तोडता येत नाही. जिथे मोठ्यांना नियम ठाऊक असतात, तक्रार करायची भीती नसते आणि कष्टाचं मोल वेळेवर मिळतं, तिथे मुलंही जास्त सुरक्षित असतात. म्हणून दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

मला मुलं खूप आवडतात. एवढं पुरेसं आहे का?

सुरुवात करायला पुरेसं आहे, टिकायला नाही. बरीच माणसं अशी कल्पना करून येतात, की मुलं धावत येतील, गळ्यात पडतील. काही येतातही. पण काही मुलं आठवडेच्या आठवडे तुमच्याकडे बघतही नाहीत. काही मुद्दाम त्रास देऊन बघतात, की हा माणूस पुन्हा येतो का. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी वारंवार सोडलं आहे, त्याने तुमच्यावर विश्वास ठेवण्याआधी तुमची परीक्षा घेणं शहाणपणाचंच आहे. अशा वेळी कामी येतो तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी हजर राहण्याचा स्वभाव. आठवड्यातून दोनच तास द्या, पण ते नक्की द्या. भरपूर वेळ देण्याचा शब्द देऊन महिन्याभरात दिसेनासं होणं मुलांना जास्त दुखावतं.

मुलांबरोबर काम करण्याचं शिक्षण माझ्याकडे नाही. मग मी काय करणार?

हिशेब लिहिणं, पुस्तकांची नोंद ठेवणं, संगणक दुरुस्त करणं, पत्रव्यवहार, भाषांतर, भांडार लावणं. या कामांना माणसं मिळत नाहीत आणि ती झाली नाहीत, की मुलांबरोबर असायला हवेत ते कार्यकर्ते कागदांत अडकतात. मुलांना प्रत्यक्ष न भेटता केलेलं कामही त्यांच्यासाठीच केलेलं काम असतं.

समुपदेशन मात्र प्रशिक्षित माणसांनीच करावं. चांगल्या हेतूने जुन्या जखमा उकरून काढणाऱ्या हौशी समुपदेशकामुळे झालेलं नुकसान भरून निघायला फार वेळ लागतो.

संस्था चांगली आहे की नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं?

संस्था तुमच्याबद्दल किती चौकशी करते, ते आधी पाहा. फोन केला आणि ‘उद्याच या, मुलं वाट पाहतायत’ असं उत्तर आलं, तर मी तिथे जाणार नाही. जी संस्था तुम्हाला न तपासता मुलांपर्यंत पोहोचू देते, ती इतर कोणालाही पोहोचू देत असणार.

मग तुम्ही प्रश्न विचारा. लेखी बालसंरक्षण धोरण आहे का, आणि ते मला वाचायला मिळेल का? मुलाने तक्रार करायची झाली तर कोणाकडे करायची, आणि हे मुलांना माहीत आहे का? निवासी संस्था असेल तर मुलं इथे का आली, त्यांचे आईवडील किंवा नातेवाईक कुठे आहेत, मुलांना घरी परत पाठवण्यासाठी कोणते प्रयत्न होतात? वार्षिक हिशेब पाहायला मिळतो का? कर्मचारी किती वर्षं टिकतात?

हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण त्याच्या उत्तरातून खूप कळतं. काळजी घेणाऱ्या मावश्या किंवा शिक्षक दर काही महिन्यांनी बदलत असतील, तर कारण शोधा. पगार थकतात का, अपमान होतो का, रात्रपाळीत एकटीवर किती मुलांचा भार टाकला जातो? भिंतीवरची रंगीत चित्रं यातलं काही सांगत नाहीत.

सुट्टीत दोन आठवडे बालगृहात जाऊन राहायचा विचार आहे. कसं वाटतं?

मुलांची काळजी घ्यायला म्हणून जात असाल, तर जाऊ नका. हे उत्तर ऐकून अनेक जण खट्टू होतात, म्हणून कारण सविस्तर सांगते.

लहान मुलाच्या वाढीला मोजकी, ओळखीची, टिकून राहणारी माणसं लागतात. रुमानियातल्या बुखारेस्ट शहरात २००० च्या सुमारास सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात संस्थांमधली १३६ लहान मुलं निवडली गेली. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवलं गेलं, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळवून घेण्याची क्षमता अधिक चांगली वाढली. बऱ्याच बाबतींत, दोन वर्षांचं होण्याआधी कुटुंब मिळालेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. दर पंधरवड्याला नवा, प्रेमळ, हसरा स्वयंसेवक येतो आणि जातो, तेव्हा मूल जीव लावतं आणि पुन्हा तोडतं. अनोळखी माणसाच्या मांडीवर पटकन जाऊन बसणारं मूल पाहून पाहुण्यांना भरून येतं. प्रत्यक्षात ते मूल आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखायला शिकलेलं नसण्याची शक्यता असते.

दुसरी बाजू पैशाची आहे. बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी फार मोठ्या संख्येने मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, आजारपण, अपंगत्व किंवा शाळेची सोय नसणं यामुळे त्यांना संस्थेत ठेवलेलं असतं. जिथे पाहुणे मुलांना पाहायला येतात आणि देणग्या देतात, तिथे मुलं ‘जमवण्याचा’ मोह तयार होतो. ऑस्ट्रेलियात २०१७ साली एका संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचाही विचार केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली पर्यायी संगोपनाबद्दल, म्हणजे आईवडिलांजवळ राहत नसलेल्या मुलांच्या सांभाळाबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मुलाला कुटुंबापासून वेगळं करणं हा अखेरचा उपाय असावा आणि केवळ गरिबी हे त्याचं कारण असू नये, असं त्यांत म्हटलं आहे. २०१९ च्या ठरावात तर अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे, पर्यटनाच्या संदर्भातल्याही, होणारी हानी टाळण्याचं आवाहन सरकारांना केलं आहे.

तुमच्याकडे दोनच आठवडे असतील, तर त्या वेळात कर्मचाऱ्यांना काही शिकवा, एखादी इमारत दुरुस्त करून द्या, नोंदी संगणकावर चढवा. त्यातून संस्थेत काहीतरी मागे राहतं आणि कुठलंही मूल मागे राहत नाही.

माझी पोलीस पडताळणी कशाला? माझ्यावर संशय आहे का?

संशय कोणावरच नाही, म्हणून पडताळणी सगळ्यांची होते: विश्वस्तांची, वाहनचालकाची, मोठ्या देणगीदाराची आणि तुमचीही. मुलांना इजा करू पाहणारी माणसं मुलांजवळ पोहोचता येईल अशा जागा शोधतात आणि ती अनेकदा अतिशय मनमिळाऊ असतात. चेहऱ्यावरून ओळखता आलं असतं, तर कागदांची गरजच पडली नसती.

पोलिसांचा दाखला ही पायरी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. ज्याच्यावर कधी गुन्हा नोंदलाच गेला नाही, त्याचा दाखला कोराच येतो. म्हणून आधीच्या ठिकाणच्या किमान दोन माणसांशी बोलणं, ओळखपत्र पाहणं, मुलाखतीत वर्तनाबद्दल नेमके प्रश्न विचारणं आणि सुरुवातीचे काही महिने देखरेखीखाली काम देणं, हे सगळं लागतं. मदतकार्य करणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१९ पासून आपसात अशी व्यवस्था केली आहे, की उमेदवाराच्या आधीच्या मालकांना त्याच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल थेट विचारायचं आणि त्यांनीही खरं सांगायचं. ‘शांतपणे राजीनामा दे आणि जा’ म्हणून सोडलेला माणूस दुसऱ्या संस्थेत रुजू होतो, हा अनुभव त्यामागे आहे.

मुलांना जवळ घेऊ का? खाऊ देऊ का? फोन नंबर देऊ का?

स्पर्शाबद्दल साधा नियम असा: स्पर्श मुलाच्या गरजेसाठी असावा, मुलाने मागितलेला असावा आणि चारचौघांत असावा. पडलेल्या मुलाला उचलणं, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणं यात गैर काही नाही. मूल अंग चोरत असेल, तर हात मागे घ्या. अंघोळ, कपडे बदलणं, शौचाला नेणं ही कामं ठरवून दिलेल्या कर्मचाऱ्यांचीच.

बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं बसू नका. शिकवणी एकट्याची असली, तरी दार उघडं ठेवा किंवा जिथून इतरांना दिसेल अशा जागी बसा. यामुळे मूल सुरक्षित राहतं आणि तुम्हीही.

वैयक्तिक भेटवस्तू, पैसे, स्वतःचा फोन नंबर, समाजमाध्यमांवरची मैत्री: या सगळ्याला नाही म्हणा. चोरून दिलेल्या वस्तूबरोबर ‘कोणाला सांगू नकोस’ हे वाक्यही आपोआप जातं. मुलांचा गैरफायदा घेणारे लोक नेमकं तेच वाक्य वापरतात. मुलांना ते कोणत्याही भल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळता कामा नये.

एका मुलाशी माझं विशेष जमतं. यात चूक काय?

जमणं स्वाभाविक आहे. पण इतर वीस मुलं ते बघत असतात. तुम्ही कोणाच्या शेजारी बसता, कोणाचं नाव आधी घेता, कोणाची चूक माफ करता, याची त्यांच्याकडे बिनचूक नोंद असते. गोरं, गोंडस, हुशार, पटकन बोलणारं मूल पाहुण्यांना आवडतं. अंथरूण ओलं करणारं, शिव्या देणारं किंवा बोलता न येणारं मूल बाजूला पडतं. मुलांशी न्यायाने वागण्याची कसोटी मला इथेच दिसते. संस्थेला सांगून एखाद्या मागे पडलेल्या मुलाबरोबर ठरावीक वेळ मागून घ्या. आणि आवडत्या मुलाला ‘मी तुला घरी घेऊन जाईन’ असं गमतीतही म्हणू नका. त्याच्यासाठी ती गंमत नसते.

मुलांबरोबरचे फोटो टाकले तर चालतील का? संस्थेलाही प्रसिद्धी मिळेल.

स्वतःच्या फोनवर फोटो काढूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या सोळाव्या कलमाने खासगीपणाचा हक्क मुलांना दिला आहे, आणि तो मूल गरीब आहे म्हणून कमी होत नाही. फोटोत शाळेचं नाव, गणवेश, रस्ता दिसला, की ज्याच्यापासून मुलाला लपवलंय त्यालाही पत्ता कळू शकतो. अत्याचाराला सामोऱ्या गेलेल्या मुलाची ओळख कोणत्याही स्वरूपात उघड करू नये.

संस्थेने फोटो वापरायचा असेल, तर मुलाची आणि पालकांची किंवा कायदेशीर पालनकर्त्याची समजून-उमजून दिलेली लेखी संमती हवी, आणि ती नंतर मागे घेण्याची सोय हवी. ज्याच्याकडून निवारा मिळतो त्याला नाही म्हणणं मुलाला जड जातं, हे संमती मागणाऱ्याने लक्षात ठेवावं. फोटो तुमच्या स्वतःच्या मुलाचा असता, तर तो तसा छापू दिला असतात का?

मुलाने मला काहीतरी गंभीर सांगितलं तर काय करू?

या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवा, कारण प्रसंग आला की विचार करायला वेळ मिळत नाही.

थांबा आणि ऐका. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच पुढचं वाक्य बोलायचं की नाही हे ठरवतं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’, ‘यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, मुलाने गळ घातली तरीही. त्याऐवजी सांगा: ‘तुला सुरक्षित ठेवायचं तर मला हे एका माणसाला सांगावं लागेल. कोणाला सांगणार आहे ते तुला आधी सांगते.’

उलटतपासणी करू नका. ‘त्याने तुला हात लावला का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारला, तर पुढे चौकशीत मुलाच्या जबाबावर शंका घेतली जाऊ शकते. ‘मग काय झालं?’ इतकाच मोकळा प्रश्न पुरतो. तपशील खोदून काढणं हे तुमचं काम नाही. ते प्रशिक्षित माणसांवर सोपवा, म्हणजे मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही.

बोलणं संपल्यावर लगेच लिहून काढा: तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे स्वतःचे शब्द. मुलाने अवयवाला जो शब्द वापरला तोच लिहा, सुधारून नाही. तुमचा अंदाज आणि मुलाचं म्हणणं यांची सरमिसळ करू नका. त्याच दिवशी बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवा. मूल आत्ताच धोक्यात असेल, तर पोलीस किंवा बालकांची हेल्पलाइन.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन जाब विचारू नका. तो सावध होतो, पुरावे नाहीसे होतात आणि मुलावर दबाव येतो. इतर स्वयंसेवकांशी चर्चाही नको. आणि दुसऱ्या दिवशी मुलाशी नेहमीसारखंच वागा. सांगून टाकल्यावर मोठी माणसं बदलली, असं त्याला वाटू देऊ नका.

संशय संस्थेतल्याच मोठ्या माणसावर असेल तर? पुरावा तर नाही.

तुम्ही पुरावा गोळा करायचा नसतो, चिंता कळवायची असते. पद, वय, संस्थेसाठी केलेला त्याग यांपैकी काहीही कळवण्याच्या आड येऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २००३ साली आपल्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट आहे: अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध निषिद्ध, त्या देशातलं संमतीचं वय काहीही असो, ‘वय माहीत नव्हतं’ हा बचाव चालणार नाही, आणि सहकाऱ्याबद्दल शंका आली तर ती कळवणं हे कर्तव्य आहे. लहान संस्थेनेही आपल्या नियमांत हेच चार मुद्दे लिहावेत.

संचालकाविरुद्धची तक्रार संचालकाकडेच करायची, अशी रचना असेल तर ती रचनाच चुकीची आहे. विश्वस्तांपैकी एक आणि संस्थेबाहेरचा एक, असे किमान दोन पर्याय हवेत. दोन्हीकडे दाद मिळाली नाही, तर थेट सरकारी यंत्रणेकडे जा. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ ही भीती दाखवली जाईल. संस्था मुलांसाठी आहे. मुलाला गप्प करून वाचवलेलं नाव वाचवण्याच्या लायकीचं नसतं.

स्वयंसेवकाने पैसे घेणं बरोबर आहे का?

स्वयंसेवा म्हणजे सक्तीविना आणि मोबदल्याविना दुसऱ्यांसाठी केलेलं काम, अशीच व्याख्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वापरते. पण प्रवासखर्च, कामासाठी लागलेलं साहित्य, अपघात विमा हा मोबदला नव्हे. हा खर्च संस्थेने जरूर द्यावा. नाही तर स्वयंसेवा फक्त सुस्थितीतल्या लोकांनाच परवडते आणि ज्यांनी या मुलांसारखंच बालपण काढलंय, ती माणसं दाराबाहेर राहतात. प्रवासखर्च मागायला संकोच वाटत असेल, तर तो संकोच सोडून द्या.

‘ही सेवा आहे, इथे पगाराची भाषा नको’ असं आम्हा कर्मचाऱ्यांना सांगितलं जातं.

हे वाक्य बहुधा ज्यांचा महिना दुसरीकडून सुटतो, तेच उच्चारतात. जी बाई रात्रभर जागून तापातल्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवते, तिच्याही घरी मुलं आहेत. तिला योग्य पगार, ठरलेले कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा आणि लेखी नेमणूकपत्र मिळायला हवं. तिच्या मनातल्या कळवळ्यावर सवलत मागणं हा अन्याय आहे.

त्याची किंमत मुलंही मोजतात. थकलेला, देण्यांत बुडालेला, उद्या नोकरी राहील का याची चिंता करणारा माणूस चिडतो, दुर्लक्ष करतो, सोडून जातो. आणि घाबरलेला माणूस तक्रार करत नाही. म्हणजे मुलांवर अन्याय होताना बघणारे डोळेही आपण कमी पगारात आणि भीतीत ठेवून बंद करतो. समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कराराने १९५१ सालीच मान्य केलेलं आहे. मुलांना हक्कांचे धडे देणाऱ्या संस्थेत तरी ते पाळलं जावं.

संस्थेकडे खरोखरच पैसे नसतील, तर तसं आकड्यांसह कर्मचाऱ्यांसमोर मांडावं. खरी अडचण बहुतेक माणसं समजून घेतात. लपवाछपवी कोणी समजून घेत नाही, घेऊही नये.

आम्हा स्वयंसेवकांना पगारी माणसाच्या जागी वापरलं जातंय, असं वाटतं.

स्वतःला विचारा: उद्या मी आलो नाही, तर मुलांचं जेवण, औषध किंवा देखरेख अडेल का? अडत असेल, तर ती नोकरी आहे आणि तिथे पगारी माणूस हवा. स्वयंसेवकाने भर घालावी, पाया होऊ नये. हे समन्वयकाला लेखी कळवा. तुमच्या भूमिकेचं एक पानी वर्णन मागून घ्या: काम काय, तास किती, कोणाला विचारायचं, काय करायचं नाही. ते पान असलं, की पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

भरती करताना ‘आपल्यातला’ माणूस घेतला तर विश्वास राहतो ना?

ओळखीचा माणूस विश्वासू असतो, हा गैरसमज बालसंरक्षणात सर्वांत महागात पडलेला आहे. जाहिरात उघडपणे द्या, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, निदान दोन जणांनी मुलाखत घ्या. विश्वस्ताचा नातेवाईक उमेदवार असेल, तर त्या विश्वस्ताने निवडीतून बाजूला व्हावं आणि तशी नोंद करावी.

जात, धर्म, वर्ण, लिंग, अपंगत्व यांवरून कोणाला नाकारू नये. मुलांना कोणताही भेदभाव न करता हक्क देण्याची हमी बालहक्क कराराच्या दुसऱ्या कलमात आहे. आपल्यासारखी माणसं फक्त झाडलोट करताना दिसतात, कार्यालयात कधीच नाहीत, हे मूल पाहत असेल, तर ती हमी त्याला खरी वाटणार नाही.

संस्थेतच वाढलेल्या तरुणांना नोकरीत घ्यायला माझा मनापासून पाठिंबा आहे. फक्त त्यांनाही इतरांइतकाच पगार, प्रशिक्षण आणि पडताळणी हवी. ‘तू तर घरचाच’ म्हणून फुकट राबवणं नको.

मी स्वयंसेवक आहे, कर्मचारी नाही. माझा छळ झाला तर तक्रार करता येते का?

हो. कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ साली झाला. त्यात स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी आणि नोकरीसाठी अर्ज केलेल्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या देशाने त्याला मान्यता दिलेली नसली, तरी संस्था आपल्या नियमावलीत ‘कर्मचारी आणि स्वयंसेवक’ असे तीन शब्द लिहू शकते. तसे ते नसतील, तर लिहायला लावा.

मोठ्या देणगीदाराला मुलांना भेटायचं आहे, भाषण करायचं आहे, वस्तू हाताने वाटायच्या आहेत. नाही कसं म्हणायचं?

नम्रपणे, पण नक्की म्हणायचं. रांगेत उभं राहून टाळ्या वाजवणं हे देणगीच्या बदल्यात मुलांनी फेडायचं देणं नाही. पाहुण्यांसाठी अभ्यास, खेळ किंवा झोप मोडू नये. गाणं म्हणायला लावू नये. कोणा मुलाची कहाणी त्याच्यादेखत सांगू नये. बालहक्क कराराचं बारावं कलम म्हणतं, की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मत ऐकलं जावं. मग मुलांनाच विचारा, त्यांना हा कार्यक्रम हवा आहे का. उत्तर ऐकून देणगीदारांनाही पुष्कळदा नवं काही कळतं. मुलं शाळेत असताना जागा दाखवता येते, कर्मचाऱ्यांशी बोलणं करून देता येतं, हिशेब दाखवता येतो.

रात्री झोप लागत नाही, मुलांच्या गोष्टी डोक्यात फिरतात. मी कमकुवत आहे का?

नाही. दुसऱ्यांच्या वेदना रोज ऐकणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होतोच. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. तिची लक्षणं तीन: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवटपणा येणं, आणि हातून नीट काम होत नाही असं वाटणं. सांभाळून न घेतलेल्या कामाच्या ताणातून ती येते, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे उपायाची जबाबदारी संस्थेचीही आहे. दर महिन्याला अनुभवी व्यक्तीबरोबर बोलण्याची ठरलेली वेळ, कठीण प्रसंगानंतर लगेच मोकळं होण्याची संधी, आणि सक्तीने घ्यायची सुट्टी. मुलांवर कारण नसताना चिडायला लागलात, तर तो दिवस सहन करून काढू नका. समन्वयकाला सांगून बाजूला व्हा, आणि तसं सांगणाऱ्याला शाबासकी मिळावी.

मला इथलं काम थांबवावं लागणार आहे. मुलांना काय सांगू?

खरं सांगा, आणि आधी सांगा. निदान तीन-चार भेटी अगोदर. ‘माझं काम दुसऱ्या गावाला आहे, त्या दिवसानंतर मी येणार नाही’ असं साध्या शब्दांत. न सांगता गेलात तर मूल कारण स्वतःमध्ये शोधतं: मी वाईट वागलो म्हणून ताई आली नाही. लहानांना दिनदर्शिकेवर खूण करून दाखवा. ‘मी लवकरच भेटायला येईन’ हे खात्री नसेल तर बोलू नका. तुमच्या जागी कोण येणार हे ठरलं असेल, तर शेवटच्या एक-दोन भेटींत त्या व्यक्तीला बरोबर आणा. काही मुलं रागावतील, पाठ फिरवतील. तो राग त्यांना करू द्या.

मी सोळा वर्षांचा आहे. येऊ शकतो का?

येऊ शकतोस, पण बालहक्क करारानुसार अठरापर्यंत तूही मूलच आहेस. त्यामुळे पालकांची संमती लागेल, तुझ्याबरोबर कायम कोणीतरी मोठं माणूस असेल आणि मुलांची जबाबदारी तुझ्या एकट्यावर दिली जाणार नाही. प्रमाणपत्रासाठी तास भरायचे असतील तर तसं मोकळेपणाने सांग. त्यात लाज नाही, मात्र भरलेले तास खरे असू देत.

माझ्याकडे वेळ नाही. फक्त पैसे दिले तर?

द्या, आणि जमलं तर दरमहा थोडे द्या. एकदाच येणाऱ्या मोठ्या रकमेतून इमारती उभ्या राहतात, दरमहा येणाऱ्या छोट्या रकमांतून पगार होतात. ‘माझे पैसे पगारावर खर्च करू नका, फक्त मुलांवर करा’ अशी अट मात्र घालू नका. मुलाला वेळेवर उठवणारी, शाळेत सोडणारी आणि आजारपणात उशाशी बसणारी माणसं त्याच पगारावर घर चालवतात.